माझी पट्टी स्वच्छ निघाली

४ फेब्रुवारी, मंगळवार

आत्या,

पत्राच्या वर कोपऱ्यात काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं होतं, पण मी विसरले. नुसतं आत्या लिहिलंय, चालवून घे.

पत्ता बाबांनी दिला. ते म्हणाले, सरळ फोन कर की. पण फोनवर माझं काय होतं तुला ठाऊक आहे. मी हं हं करते, तू म्हणतेस काय गं गोगलगाये, जरा बाहेर ये, मग मी आणखीनच आत जाते. मागच्या खेपेला तर तूही काही बोलली नाहीस. दोघी नुसत्या श्वास घेत होतो. शेवटी तुझ्याकडून दादा म्हणाला, कुणी आहे का लाईनीवर, आणि त्यानं ठेवून दिला.

म्हणून लिहिते. माझं अक्षर लागलं नाही तरी दादाला किंवा वहिनीला वाचायला देऊ नकोस. चष्मा लावून तूच वाच, हळूहळू.

तू दादाकडे गेलीस तरी इथे ठीक आहे. म्हणजे चाललंय. पाळणाघरात अकरा पोरं आणि मी एकटी. बाई असतात, पण बाई फोन सांभाळतात आणि पोरांच्या आया सांभाळतात, पोरं नाही. साडेआठला ढब्बू येतो, तो आला की लगेच झोपतो. मग साहेब येतो, हात मागे बांधून सगळ्या खोल्या तपासतो. मग टिटवी येते आणि तिच्या आवाजानं ढब्बू उठतो. तिथून संध्याकाळी सहापर्यंत मी खाली बसलेली नसते. पाय असे दुखतात की घरी आल्यावर चप्पल काढायचाही कंटाळा येतो.

तू एका ताटलीत कालवून सहाजणांना गोल बसवून भरवायचीस ना, ते आता बंद. बाईंनी अकरा चमचे आणलेत. प्रत्येकाचा वेगळा, त्यावर रंगीत दोरा. टिटवी चमचा दातात धरते आणि सोडत नाही. साहेबानं काल विचारलं, हातवाली कुठे गेली. तुला म्हणतो तो. मी म्हटलं, गावाला. तो म्हणाला, तिचा हात पण नेला का. मी म्हटलं, हो.

त्या प्रकाराचं औषध दोन्ही वेळा देऊन झालं. पहिलं जानेवारीत पट्ट्या तपासून आल्यावर लगेच, दुसरं पंधरा दिवसांनी. ज्या सहा पोरांच्या पट्टीवर ते निघालं त्यांनाच. दवाखान्यातली सिस्टर सगळ्यांना द्या म्हणाली होती, पण ज्यांच्या पट्ट्या स्वच्छ आल्या त्या आया म्हणाल्या, आमच्याला कशाला उगाच. बाईंनी ऐकलं. बाई आयांचं ऐकतात.

तुझी पट्टी तशी निघाली म्हणून मला अजून वाईट वाटतं. तू तर सिस्टरनं सांगितलं तसंच केलंस. उठल्या उठल्या, अंघोळ न करता, संडासलाही न जाता. चिकटपट्टी मागे दाबलीस, काचेवर लावलीस, आणि वर म्हणालीस, ह्या वयात फोटो काढून घेतल्यासारखं वाटतंय. किती हसली होतीस.

माझी पट्टी स्वच्छ निघाली म्हणून बाई मला काही म्हणत नाहीत.

तू कधी येणार ते कळव. नाही कळवलंस तरी चालेल.

तुझी
गोगलगाय


११ फेब्रुवारी, मंगळवार

आत्या,

पहिलं पत्र मिळालं असेल. उत्तराची वाट बघत नाहीये, पण टपालवाला जिन्यात भेटला की उगाच त्याच्याकडे बघते. त्याला वाटत असेल माझं काहीतरी आहे.

तो प्रकार परत आला. साहेब दुपारी झोपेत पालथा पडून चड्डीत हात घालत होता. मी चड्डी बदलायला घेतली तर दिसलंच. पांढऱ्या दोऱ्याचे बारीक तुकडे असावेत तसं, आणि एक तुकडा हलत होता. मी बाईंना हाक मारली. बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, अरे देवा, आता तर ती पण नाहीये.

ती म्हणजे तू.

संध्याकाळी आया जमल्या. टिटवीची आई म्हणाली, म्हणजे ती बाई जाताना ठेवून गेली की काय. साहेबाची आई म्हणाली, गोड खाऊन होतात हे, माझी सासू सांगते, तुम्ही गोड देता का. बाई म्हणाल्या, फक्त दुधात चमचाभर साखर. मग दहा मिनिटं साखरेवर बोलणं झालं. मी पोरांचे बूट लावत होते. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. माझ्याकडे कुणी बघत नाही हे एरवी मला बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दवाखान्यातल्या सिस्टरला बोलावलं, तीच ती, जाड भुवयांची. तिनं सगळ्यांना बसवून सांगितलं की साखरेचा काही संबंध नाही, घाणेरड्या घरातच होतं असंही नाही, मोठ्या मोठ्या घरांतल्या पोरांना होतं. त्याची मादी रात्री बाहेर येऊन मागे अंडी घालते, म्हणून खाजतं. खाजवलं की अंडी नखात, नखातून तोंडात, पांघरुणात, खेळण्यांवर. दिसत नाहीत. आणि दोन तीन आठवडे तशीच जिवंत पडून राहतात.

मग तिनं मला विचारलं, चादरी कशा काढतेस गं. मी दाखवलं. आपण कशा काढतो, गॅलरीत नेऊन दोन कोपरे धरून फटाफटा झटकायच्या. तू शिकवलंस तसं. ती म्हणाली, झालं, म्हणजे रोज सकाळी सगळ्या खोलीत पेरणी. झटकायच्या नाहीत, गुंडाळायच्या आणि सरळ गरम पाण्यात.

आपल्या दोघींना वाटायचं, झटकलं की स्वच्छ.

मग तिनं बाईंना विचारलं, मोठ्यांपैकी आता इथे कोण आहे. बाई म्हणाल्या, ही एकटी, हिची पट्टी स्वच्छ होती. सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं असं मला वाटलं. नसेलही. ती म्हणाली, तरी तू एक गोळी घेऊन टाक, येऊन ने दवाखान्यातून. मी मान हलवली.

गेले नाही. मला कशाला हवी. मला खाज वगैरे काही नाही.

आता सगळ्या चादरी उकळते. अकरा चादरी, अकरा अभ्रे, टॉवेल. बोटांची सालं गेलीत. पोरांची नखं रोज बघायची, सकाळी आल्यावर मागची बाजू धुवायची. टिटवी नखं कापताना अशी ओरडते की शेजारचे दार वाजवतात.

खूप दमले. झोपते.

गोगलगाय


१९ फेब्रुवारी, बुधवार

आत्या,

आज एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगू नये असं वाटतंय, पण लिहिताना तू समोर नसतेस म्हणून जमेल.

मी औषधाच्या दुकानात गेले होते. कोपऱ्यावरच्या नाही, पुलाच्या पलीकडच्या, तिथे कुणी ओळखत नाही म्हणून. सुट्टीच्या दिवशी, दुपारी, गर्दी नसते तेव्हा. तीनदा दुकानावरून गेले. चौथ्यांदा आत गेले तर काउंटरवर आमच्या वर्गातला तो पुढच्या बाकावरचा, हुशार, सारखा हात वर करायचा तो. त्याच्या काकांचं दुकान निघालं. तो म्हणाला, अरे तू. कुठे असतेस. शाळा का सोडलीस, गणित राहिलं ना तुझं.

मी म्हटलं, हो.

तो म्हणाला, काय देऊ.

मागे एक माणूस येऊन उभा राहिला. मी म्हटलं, ते, पोटाचं. तो म्हणाला, पोटात काय, जळजळ, गॅस, दुखतंय. मी म्हटलं, नाही, ते, लहान मुलांना होतं ते. तो म्हणाला, जंत? इतक्या मोठ्यानं की पुलावर ऐकू गेलं असेल. मी मान हलवली. तो म्हणाला, कुणासाठी, वय किती.

मी म्हटलं, आत्यासाठी.

तो म्हणाला, अच्छा, त्या पाळणाघरातल्या त्या. आमच्याकडे एक बाई येतात त्या सांगत होत्या. मोठ्या माणसांना असेल तर एकदा डॉक्टरांना दाखव, असं नको देऊ.

मी घशाच्या गोळ्या घेऊन घरी आले. लाल, चोखायच्या. बाबांनी विचारलं, घसा दुखतोय का. म्हटलं, हो. आता रोज एक खाते, त्यांनी बघू नये म्हणून नाही, बघावं म्हणून.

तुझं नाव मी का घेतलं ते मला माहीत नाही. तोंडातून तेच निघालं. म्हणजे माहीत आहे, पण आज एवढंच.

आणखी दोन पोरांना झालंय. ढब्बूला पण. ढब्बू झोपायचा तो आता झोपत नाही, मांडीवर येऊन बसतो आणि नुसता चुळबुळ करतो, चिडतो, रडतो. त्याच्यासारखं पोर रडलं ना की बघवत नाही. त्याची आई म्हणाली, महिनाअखेर बघते, नाहीतर दुसरीकडे घालते. बाई दिवसभर वहीत हिशेब करत बसल्या.

गोगलगाय


२७ फेब्रुवारी, गुरुवार

आत्या,

तुझी चिठ्ठी बाबांनी आणली. ते गाडी घेऊन तुमच्या बाजूला आले होते हे मला माहीत नव्हतं. चार ओळी. नखं काप. जेवत जा. मी बरी आहे. चादरी उकळतेस ते चांगलं करतेस.

बाकीचं बाबांनी सांगितलं. त्यांनी आपणहून नाही सांगितलं, मी विचारलं, दादाचं बाळ कसं आहे, आत्याकडे राहतं का, तेव्हा ते बूट काढत होते ते तसेच थांबले. म्हणाले, सून तिला बाळाला हात लावू देत नाही.

टिटवीची आई आणि वहिनीची बहीण एका ऑफिसात आहेत. तिथून वहिनीच्या कानावर गेलं. बाबा म्हणाले, तू दाराच्या या बाजूला स्टुलावर बसतेस आणि बाळ तिकडे पाळण्यात. रडलं तरी वहिनी येईपर्यंत तू उठत नाहीस. बाबांनी तिला सांगून बघितलं की औषध झालंय, दोन्ही वेळचं, आता काही नाही. ती म्हणाली, मामा, तुमचं ठीक आहे, पण तीन महिन्यांचं आहे ते. बाबा म्हणाले, वाईट नाही ती, घाबरलीये. आणि तू तिला काही बोलतही नाहीस.

तू अकरा पोरं एका वेळी सांभाळायचीस. दोन काखेत आणि एक पायाला.

आत्या, आता लिहिते. थांबले तर परत लिहिणार नाही, म्हणून चुका झाल्या तरी खोडत नाही.

मला जंत आहेत. तो प्रकार म्हणणार नाही. जंत. जानेवारीत पण होते.

त्या दिवशी तू उठलीस, पट्टी केलीस, हसलीस आणि दूध आणायला गेलीस. मी आधी अंघोळ केली. साबण लावून, दोनदा. सिस्टरनं अंघोळ करू नका म्हटलं होतं ते मी नीट ऐकलं होतं, म्हणूनच केली. मग पट्टी दाबली. काचेवर ती अशी लखलखीत होती की मलाच लाज वाटली. मग दोन्ही काचा मीच पिशवीत घालून बाईंना दिल्या. तुझी वर, माझी खाली.

मला वाटलं सगळ्यांचीच स्वच्छ निघेल, आणि माझी तशी निघाली तर मी एकटीच पडेन. तुझी तशी निघेल असं डोक्यातच आलं नाही. खरंच नाही. पण निघाल्यावर मी गप्प बसले हे पण खरंच आहे. तू बाईंना म्हणालीस, असेल बाई, पोरांत राहते, पोरांचं मला लागलं. मी दाराशी उभी होते. बाई तुला म्हणाल्या, थोडे दिवस घरी थांबा, आयांचा राग जरा जाऊ दे. तू मोरीत जाऊन कपड्याच्या साबणानं कोपरापर्यंत हात धुतलेस. मी तुला टॉवेल दिला.

आणि पोरांचं तुला लागलं नसणार. आपण दोघी एका पांघरुणात झोपायचो. माझं तुला लागलं. पोरांना पण बहुतेक माझंच.

शाळा मी गणितामुळे नाही सोडली. नववीत बाकावर बसवत नव्हतं. मी हळूच करायचे, कडेला सरकून. मागच्या एकीनं बघितलं आणि मला खाजरी म्हणायला लागली, मग सगळ्याच. फळ्यावर पण लिहिलं होतं एकदा. सरांनी पुसलं, कुणाविषयी आहे ते विचारलं नाही, मी म्हटलं चला सुटले. पण दुसऱ्या दिवसापासून पाय उचलेना. तू म्हणालीस, गणित जड जातंय का. मी म्हटलं, हो. मग तू तुझ्यासोबत पाळणाघरात नेलंस. तिथे बरं वाटायचं, कारण तिथे सगळीच पोरं खाजवतात.

मधे मधे जायचं. महिना महिना काही नसायचं. मग परत. मला वाटायचं माझं शरीरच तसं आहे. कुणाला विचारायचं असतं हे सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी विचारलं नसतं.

आता तू हे वहिनीला वाचून दाखव. पूर्ण. तिला म्हणावं, ही पोरगी होती, मी नव्हते. तिथे कुणी मला ओळखत नाही, मला काही वाटणार नाही. वाटेल, पण दाखव.

गोगलगाय नाही लिहीत आज.


६ मार्च, गुरुवार

आत्या,

तुझं उत्तर नाही. बरोबर आहे.

सोमवारी मी दवाखान्यात गेले. काम सुरू व्हायच्या आधी, अंघोळ न करता. पट्टी घेऊन गेले, काचेवर लावून, माझं नाव लिहून. रांगेत बसले होते तेव्हा ती काच रुमालात गुंडाळून मांडीवर धरली होती. शेजारची बाई म्हणाली, काय आणलंस गं, खाऊ. मी म्हटलं, नाही.

सिस्टरनं आत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली घातली, परत आली आणि म्हणाली, आहेत भरपूर. किती दिवस त्रास आहे. मी म्हटलं, नववीपासून. मग मी तिला सगळं सांगायला लागले, अंघोळीचं, तुझं, पाळणाघराचं. आत्या, मी सांगत होते आणि तिनं जांभई दिली. तोंडावर हात ठेवून, पण दिली. म्हणाली, सॉरी हं, पहाटेपासून उभी आहे. सकाळपासूनची तू चौथी. एक गोळी आत्ता घे, दुसरी बरोब्बर पंधरा दिवसांनी, विसरायची नाही. घरात जे असतील त्यांना पण. आणि ह्या वेळी तिथली सगळी पोरं, पट्टी बिट्टी काही नको, सरसकट. त्या बाईंना मी फोन करते.

दोन वर्षं जे मी पोटाशी धरून बसले होते त्यावर तिला झोप येत होती. बाहेर येऊन मी पायरीवर बसून राहिले. रडायला येईल असं वाटलं, पण नुसतीच दमल्यासारखी झाले.

मग बाईंकडे गेले. म्हटलं, बाई, माझी पट्टी खोटी होती.

बाई म्हणाल्या, पट्टी कशी खोटी असेल. तुझी तर स्वच्छ होती.

मी म्हटलं, आधी अंघोळ केली. साबण लावून. मग पट्टी.

त्या माझ्याकडे बघत खाली बसल्या, नेमक्या ढब्बूच्या लाल खुर्चीवर. मग म्हणाल्या, दोन महिने मी त्या बाईचं नाव घेतेय सगळ्यांपुढे. पंधरा वर्षं होती ती माझ्याकडे. आता मी काय तोंड दाखवू. मग उठल्या तर खुर्ची पण त्यांच्याबरोबर उठली. आम्ही दोघींनी मिळून ती काढली. तेव्हा हसू आलं नाही, आत्ता लिहिताना येतंय.

मी म्हटलं, आयांना मी सांगते.

त्या म्हणाल्या, तू. तू पाणी द्या म्हणायला दोन मिनिटं घेतेस.

म्हटलं, दोन मिनिटं घेईन.

संध्याकाळी दाराशी उभी राहिले. अकरा पोरं, पण घरं दहा. पहिली साहेबाची आई. मी म्हटलं, मला जंत होते, मी लपवलं, आत्याकडून काही झालं नाही. हे मी तिच्या चपलेकडे बघून सांगितलं. ती म्हणाली, काय, परत बोल, ऐकू नाही आलं. मग परत सांगावं लागलं. ती म्हणाली, आणि सासूबाई माझी साखर बंद करून बसल्यात. पोराला घेऊन निघून गेली.

दुसरीनं पोराची पिशवी उचलली आणि जिना उतरली. तिसरी म्हणाली, एवढी घोडी झालीस, अक्कल नाही तुला. मी म्हटलं, हो. चौथ्याचे आजोबा येतात, ते म्हणाले, मला पण होते लहानपणी, आमच्याकडे सगळ्यांनाच होते, त्यात काय. पाचव्या सहाव्यानंतर मी बस थांब्यावर वेळ सांगावी तसं सांगत होते. जंत हा शब्द दहा वेळा म्हटला की त्यात काही राहत नाही.

टिटवीच्या आईपाशी मात्र आवाज परत गेला. तिनंच ऑफिसात सांगितलं होतं ना. मी सांगितलं. ती म्हणाली, उद्यापासून माझी मुलगी येणार नाही. मी म्हटलं, बरं. मग म्हटलं, पण तुम्ही वहिनीच्या बहिणीला जे सांगितलं ते चूक होतं, तेवढं परत सांगा. ती म्हणाली, तू मला शिकवणार. टिटवी तिच्या कडेवर ओरडत होती. पुढचं काही ऐकू आलं नाही, मलाही आणि तिलाही.

शेवटी दिवे घालवताना मी बाईंना विचारलं, उद्या येऊ का. त्या म्हणाल्या, नाही आलीस तर दहाजणांचं मी करू काय. मग म्हणाल्या, आत्याबाईंना मी काढलं नव्हतं, थांबा म्हटलं होतं. मी म्हटलं, ते तुम्ही तिला लिहा. तुमचं वेगळं पत्र येईल बहुतेक. माझ्यावरून त्याचा राग काढू नकोस.

बाबांना पण गोळी दिली. त्यांनी विचारलं, कशाची. म्हटलं, जंतांची. ते म्हणाले, बरं. पाण्याबरोबर घेतली आणि झोपले.


१६ मार्च, रविवार

आत्या,

आज सकाळी मी तुमच्या घरी फोन केला. तू नसशील अशा वेळी, तू भाजी आणायला जातेस ती वेळ बाबांकडून विचारून घेतली होती. वहिनीशी बोलायचं होतं. ती मला ओळखत नाही, लग्नात एकदा बघितलं असेल, मी खांबामागे होते.

काय बोलायचं ते आधी कागदावर लिहिलं होतं. कारण तू पत्र वाचून दाखवलंस की नाही ते मला कळेना. पंधरा दिवस झाले, आणि बाबा म्हणाले अजून तसंच आहे, स्टूल आणि दार.

वहिनीनं उचलला. मी कागद बघून वाचायला लागले. मी आत्याच्या भावाची मुलगी, मला जंत होते, मी पट्टीच्या आधी अंघोळ केली. ती म्हणाली, थांब थांब, कोण बोलतंय. कागद तिथेच गडबडला. मग मी कागद ठेवला आणि सांगितलं. हं हं नाही केलं. एकदा पाणी प्यायले मधे.

ती ऐकत होती. मग म्हणाली, पण मग आत्यांनी मला हे का नाही सांगितलं.

मी म्हटलं, मी लिहिलं होतं तिला. सत्तावीस तारखेला. तुम्हाला वाचून दाखव असंही लिहिलं होतं.

ती म्हणाली, पत्रं येतात त्यांना. मी विचारलं होतं, काय लिहितेय एवढं. तर म्हणाल्या, काही नाही, पोरगी पोरांच्या गमती लिहिते.

आत्या, तू त्या स्टुलावर बसून राहिलीस, पत्र तुझ्याजवळ होतं, आणि तू म्हणालीस गमती लिहिते.

मागून बाळ रडायला लागलं. वहिनी म्हणाली, मी घाबरले होते गं, पहिलंच आहे, कुणी काही सांगितलं की मला सगळं खरं वाटतं. मी म्हटलं, आत्यानं दोन्ही वेळा औषध घेतलंय, त्यालाही दोन महिने होत आले. ती म्हणाली, माहीत आहे. बाळ आणखी जोरात रडत होतं. तेवढ्यात दार वाजल्यासारखं झालं, पिशवी खाली ठेवल्यासारखी. वहिनी दूर तोंड करून काहीतरी म्हणाली, मला शब्द कळले नाहीत, पण आवाज रागाचा नव्हता. मग नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ पाणी चाललं होतं. मग बंद झालं.

आणि मग बाळ रडायचं थांबलं. एकदम नाही, हुंदके देत देत.

वहिनीच्या हातात फोन होता, ती माझ्याशीच बोलत होती. दादा रविवारीसुद्धा कामाला जातो असं बाबा म्हणाले होते.

ते कुणी घेतलं, एवढंच कळव.